स्कूटरची टोपडी

माझं लग्न मोडायचं काम एका वीतभर पाखरानं अंगावर घेतलं होतं. (त्याआधी ते मी एकट्यानं, नेटानं करत होतो. सहा ठिकाणी नकार!)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात कळंब्याकडे आमचं घर, दारात माझी नवी स्कूटर आणि कुंपणाच्या शेवग्यावर दयाळाची जोडी. दयाळ म्हणजे काळा कोट, पांढरा शर्ट, शेपटी ताठ, थेट वकीलच! पहाटे अँटेनावर बसून गायचं, दिवसभर आईच्या कुंड्यांतले किडे मटकावायचे आणि दुसरा नर दिसला की त्याला पाण्याच्या टाकीपलीकडे पिटाळून यायचं. मार्च ते जुलै, म्हणजे विणीच्या दिवसांत, हा रुबाब जास्तच. त्याची बायको भिंतीच्या भोकात घरटं करत होती. तिशी उलटून मी बिनलग्नाचा, आणि हा गाण्यावर सगळं जमवून बसलेला! मला राग येणारच.

एके दिवशी त्याला स्कूटरच्या आरशात दुसरा दयाळ दिसला. झालं! चोच, पंजे, पंख, सगळ्यानिशी हल्ला. दमला की आरशावर बसून सीट रंगवायची. मी वर्तमानपत्राची सुरळी घेऊन धावलो, तर माझ्याच डोक्यावर झडप!

"आई, मला टोचलं गं त्यानं!"

"बोंबलून सांग समद्या गल्लीला! एवढा घोडा झालास, पाखराला भितोस व्हय?"

शेवटी आईनंच ट्रंकेतून ताईच्या बाळाची जुनी टोपडी काढली. एक गुलाबी, एक पिवळं, दोन्हींना झालर. दोन आरशांना घालून खाली नाड्यांची फुलं बांधली. दयाळ गप्प झाला. (मी दोनदा तसाच ऑफिसला गेलो, तो विषय वेगळा.)

अशात सातवं स्थळ आलं, गारगोटीचं. मुलगी मला पसंत होती. फारच पसंत होती! ती नाही म्हणाली असती, तर मी आठवं स्थळ बघितलंच नसतं. आता फक्त तिच्या मामांनी घर बघायचं राहिलं होतं. मामा नव्या कोऱ्या जीपमधून उतरले आणि थेट स्कूटरपुढे उभे राहिले.

"पावणं, पोरं किती तुमाला?"

"मला? अहो, माझं लग्न कुठं झालंय!"

"मग ही टोपडी?"

"पाखरासाठी!"

मामा हळूच आईकडे वळले. "डोस्क्याचं औषध चालू हाय व्हय ह्यांचं?"

पुरावा म्हणून मी टोपडी सोडली. आम्ही तिघं व्हरांड्यात खुर्च्या टाकून पाखराची वाट बघत बसलो. चहा झाला. चिवडा झाला. दयाळ अँटेनावर बसून गातोय! मी शीळ घातली, हात जोडले, "ये की रं बाबा!" म्हणालो. मामांनी टोपी नीट केली आणि उठले. "बरं, कळवतो आमी."

हे वाक्य मला पाठ होतं.

इतक्यात फाटकातून आवाज आला. टक्! टक्! टक्! बघतो तर दयाळ मामांच्या जीपच्या आरशावर! नवं दार वरपासून खालपर्यंत पांढरं. मामा ओरडत धावले आणि दुसऱ्या मिनिटाला बिनटोपीचे परत आले.

"आवो, मारकं हाय की हे! द्या ती टोपडी इकडं!"

निघताना ती सोडायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. मामांची जीप गुलाबी-पिवळ्या टोपड्यांसकट गारगोटीला गेली.

चौथ्या दिवशी होकार! माझा खरेपणा त्यांना भावला, असं मी कित्येक वर्षं सांगत फिरलो. मग एकदा बायकोनंच मामांचा निरोप जसाच्या तसा ऐकवला: "पोरी, डोळं झाकून व्हय म्हण. वीतभर पाखरू त्येला सोताच्या दारात उभं ऱ्हाऊ देत न्हाय. त्यो तुला काय दम देनार!"

मामांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. आज अख्ख्या घरात माझ्या हक्काची जागा एकच आहे, ती म्हणजे त्या जुन्या स्कूटरची सीट. तीही मार्च ते जुलै सोडून.