ताईंची टीम वरच्या गटात

माणसाची ओळख चेहऱ्यावरून न करता त्याच्या बुटाच्या तळव्यावरून करून घेणारी बाई अख्ख्या कुवेतमध्ये एकच असेल, आणि ती माझी थोरली नणंद आहे. पाहुणे घरात येतात, सोफ्यावर टेकतात, पाणी पितात, उन्हाळा यंदा जास्तच आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि त्या वेळी ताई दाराबाहेर उकिडव्या बसून पाहुण्यांचे बूट उलटे करून बघत असतात. टाच बाहेरून झिजलीय की आतून, चवड्याखाली खड्डा पडलाय का, डावा बूट उजव्यापेक्षा जास्त खाल्ला गेलाय का, हे सगळं तपासून झालं की आत येऊन त्या समोरच्या माणसाला, ज्याला त्या जन्मात पहिल्यांदा बघत असतात, शांतपणे सांगतात, "तुमचा उजवा खुबा आळशी आहे." माझ्या नवऱ्याच्या साहेबांनी आमच्या घरी आल्यावर ऐकलेलं पहिलं वाक्य हेच होतं. साहेब त्या दिवशी चहा अर्धा टाकून गेले. पुढे त्यांची पाठ धरली तेव्हा नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून त्यांनी हळूच विचारलं, की तुमच्या त्या बहिणीकडे खुब्याचे काही व्यायाम आहेत का.

एकदा ईदच्या भेटीला, ताई ज्या विद्यापीठात शिकवतात तिथल्या डीनच्या घरी, रुमैथियाला, आम्ही दोघी गेलो होतो. डीन कुवेती, अतिशय मवाळ माणूस. दारात चपला-सँडलांचा ढीग होता आणि ताईंचा पाय तिथेच अडकला. मी आत जाऊन सगळ्यांना ईद मुबारक करून आले तरी या बाहेरच. तेवढ्यात डीनची म्हातारी आई बाहेर आली आणि बघते तर एक हिंदी बाई तिच्या पाहुण्यांच्या चपला पालथ्या घालून बसलेली. पालथी चप्पल आपल्याकडे अशुभ, तशी त्यांच्याकडेही. म्हातारी वाकून एकेक चप्पल सरळ करायला लागली. ताईही तिला मदत करायला लागल्या, आणि त्यातला एक जोड हातात धरून, अरबी येत नसल्यामुळे स्वतःचा गुडघा थोपटून त्यांनी तिला कळवलं, की या चपलेच्या मालकिणीचा गुडघा दुखतो. जोड म्हातारीचाच होता. त्यानंतर आमची ईद एका बाजूला राहिली आणि म्हातारी पलंगावर पाय लांब करून ताईंकडून गुडघ्याखाली उशी कशी दाबायची ते शिकत बसली. अजूनही ती डीनना विचारते, ती गुडघेवाली कधी येणार आहे.

ताई मूळच्या सांगलीच्या. खो-खो खेळायच्या, त्यातच शिकल्या, त्यातच शिकवायला लागल्या, लग्नाचा विषय निघाला की मैदानावर जायच्या. इथे एका भारतीय शाळेत पीटीच्या बाई म्हणून आल्या, धाकट्या भावाला मागून बोलावून घेतलं, आणि त्या भावाशी लग्न करून मी आले. मी इस्पितळात रक्त तपासते, म्हणजे बसून काम करते, हे माझ्यातलं सगळ्यात मोठं व्यंग आहे असं त्या मानतात. शाळेतून त्या एका खाजगी विद्यापीठात गेल्या. तिथे ॲथलेटिक्स विभाग म्हणजे एक खोली होती. तिच्यात हवा गेलेले फुटबॉल, दोन मोडके हर्डल आणि उंच उडीची एक गादी, त्या गादीत मांजर व्यालेलं. ताईंनी आधी मांजराची सोय लावली आणि मग धावपटू शोधायला निघाल्या. नोटिसा वगैरे लावल्या नाहीत. लिफ्टपाशी उभ्या राहिल्या. जी मुलं लिफ्टची वाट न बघता जिन्यानं गेली त्यांच्यामागे त्याही जिन्यानं गेल्या आणि वरच्या मजल्यावर त्यांना गाठून म्हणाल्या, उद्या सकाळी मैदानावर ये.

नूरा त्यांना पार्किंगमध्ये सापडली. फार्मसीची विद्यार्थिनी, प्रॅक्टिकलला उशीर झालेला, एका हातात अबाया सावरून धरलेला आणि दुसऱ्या हातात कॉफीचा कप, अशी ती सगळं पार्किंग ओलांडून पळत गेली. ताई त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"कॉफी सांडली नाही बघ," त्या म्हणाल्या.

"कुणाची?"

"एका पोरीची. पळताना खांदे हलतच नाहीत तिचे. चारशे मीटरची पोरगी आहे ती. तिला माहीत नाही अजून."

ते त्यांनी तिला महिनाभरात माहीत करून दिलं. नूरा आणि बाकीच्या मुली त्यांना 'अबला' म्हणायच्या. इकडे शाळेतल्या बाईंना तसंच म्हणतात, आणि मुलींची शाळेतली सवय गेलेली नसते. पण पहिल्यांदा मैदानावर लांबून कुणीतरी "अबला" अशी हाक मारली तेव्हा ताई जागच्या जागी थांबल्या. "सांगलीत मला कुणी अबला म्हटलं असतं, तर त्याला गावाबाहेरपर्यंत पळवलं असतं," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मग अर्थ कळला, आणि थोड्या दिवसांनी त्या फोनवरसुद्धा "मी अबला बोलतेय" असं सांगायला लागल्या. सांगलीतल्या त्यांच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणींनी तो फोन ऐकला असता तर भजन सोडून हसत सुटल्या असत्या.

उन्हाळ्यात इथे सकाळी सातलाही मैदानावर पाय ठेववत नाही. ताईंनी त्यावर अर्दियातलं एक गोदाम शोधून काढलं. गोदाम दापोलीकडच्या एका भाईंचं. ते टाइल्स आणि बाथरूमचं सामान विकतात, राई भागात त्यांची शोरूम आहे. ताईंचं नि त्यांचं गाव एक नाही, जिल्हा एक नाही, पण मराठी एक, तेवढ्यावर त्यांनी शुक्रवारी सकाळी गोदाम उघडून द्यायचं कबूल केलं. दोन्ही बाजूंना कमोडांच्या आणि वॉशबेसिनांच्या रांगा आणि मधल्या लांबलचक बोळातून विद्यापीठाची टीम स्टार्ट घेतेय, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय. भाई दाराशी खुर्ची टाकून बसायचे.

"ताई, पोरांना हवं तेवढं धावू दे," ते म्हणायचे, "फक्त त्या इटलीच्या बेसिनकडे कोण जाऊ नको. तो माझ्या नशिबानं अजून खपला नाय, पण फुटला तर लगेच गिऱ्हाईक येईल."

ताई आमच्या घरालाही मैदानच समजायच्या. माझी मुलगी जमियातून, म्हणजे गल्लीतल्या सहकारी दुकानातून, दूध घेऊन आली की तिला किती वेळ लागला ते सांगायच्या. एकदा ती वैतागून म्हणाली, "आत्या, आय ॲम नॉट अ हॉर्स." त्यावर ताई म्हणाल्या, "घोडा बरा. त्याला सकाळी हाका माराव्या लागत नाहीत."

अशा रीतीनं कमोडांतून धावून धावून त्यांची टीम इथल्या कॉलेजांच्या स्पर्धांत जिंकायला लागली. एकदा जिंकली, मग जिंकतच राहिली, आणि मग ते जिंकणं नीरस झालं. नूरा शर्यत संपवून बूट सोडायला बसायची तेव्हा बाकीच्या अजून वळणावर असायच्या. ताईंना ते आवडेना. "पोरगी मागं बघून पळायला लागली," त्या म्हणाल्या. "पुढं कुणी असल्याशिवाय ती वाढायची नाही." विद्यापीठालाही तेवढ्यात हुरूप आला होता. आखातातल्या विद्यापीठांची वरच्या गटाची स्पर्धा होती, तिच्यात उतरावं असं वरच्या लोकांच्या मनात आलं, आणि डीननी ताईंना बोलावून घेतलं.

त्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मी पोळ्या करत होते. त्यांनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि स्वतः लाटायला लागल्या. त्या पोळ्या लाटतात तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं, एवढं मला इतक्या वर्षांत कळलेलं आहे.

"वरच्या गटात जायचं म्हणजे त्यांच्या अटी आहेत," त्या म्हणाल्या. "सिंथेटिक ट्रॅक पाहिजे, फिजिओ पाहिजे. ते विद्यापीठ करतंय. मुख्य कोच पाहिजे, त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय पातळीचं सर्टिफिकेट पाहिजे."

"मग तुम्ही ते सर्टिफिकेट घ्या."

"पायरी पायरीनं घ्यावं लागतं ते. मी घेईपर्यंत ही पोरं पदवी घेऊन घरी जातील. डीन म्हणाले, तुम्ही नको म्हणालात तर यंदा राहू दे. आहे तिथंच खेळू. तुम्हीच मुख्य राहाल."

"तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "काय म्हणणार? पोरीला तिकडं पळायला पाहिजे हे मीच सांगत हिंडत होते की."

मी म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही उभं केलंत, निदान थोडा विचार करायला वेळ मागायचा. त्या म्हणाल्या, विचार केला असता तर नको म्हणाले असते. एवढं बोलून त्यांनी उरलेल्या सगळ्या पोळ्या लाटल्या, त्यातली एकही गोल झाली नाही, आणि जेवायला न थांबता त्या घरी गेल्या.

नवी कोच ट्युनिशियाची आली. तरुण, हातात टॅबलेट, बोलणं कमी. ताईंना टीम मॅनेजर केलं, म्हणजे बस, व्हिसा, पाणी आणि जेवणाचे डबे. नव्या बाईचा राग करायचा असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि दोन दिवस तो केलाही. तिसऱ्या दिवशी ती प्रार्थनेच्या खोलीबाहेर बूट काढून गेलेली असताना ताईंनी तिचे बूट बघितले. संध्याकाळी मला फोन करून म्हणाल्या, "दोन्ही बूट सारखे झिजलेत. बाई चांगली आहे." आवाजात थोडी निराशा होती. बाई खरंच चांगली होती. तिनं नूराचा सराव पार बदलला. अंतर कमी केलं, वजनं उचलायला लावली, आणि वळणावर पळणं वेगळं शिकवलं. ताई बाकावर बसून ते बघायच्या. मधूनच उठून ओरडायला तोंड उघडायच्या आणि मग पाण्याच्या बाटल्या मोजायला जायच्या. आम्हाला वाटलं या नोकरी सोडतील. माझा नवरा एकदा तसं बोलूनही गेला. त्या म्हणाल्या, "व्हिसा कोण करणार मग? त्या बाईला अजून बस कुठं उभी करायची ते कळत नाही."

वरच्या गटाची पहिली स्पर्धा कुवेतमध्येच होती. मी रजा काढून गेले आणि ताईंच्या शेजारी गॅलरीत बसले. काय झालं ते सरळ सांगते: आमची टीम हरली. रिलेत शेवटून पहिली आली. आमचा हर्डलचा मुलगा तिसऱ्या अडथळ्यावर पडला, उठला आणि उरलेले सगळे अडथळे पार करून मगच लंगडत बाहेर गेला. समोरची मुलं वेगळ्याच हाडापेराची होती. आमच्या पुढे डीन बसले होते. ते मान हलवत राहिले. ताईंचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते.

मग नूराची चारशे मीटर लागली. सुरुवातीला ती मागेच होती. शेवटच्या वळणावर ती नेहमी ढेपाळायची, हे ताईंकडून मी जेवताना, गाडीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकलेलं. त्या वळणावर ती आली आणि ढेपाळली नाही. वळणातून बाहेर पडताना तिचा वेग तोच होता, उलट दोघींना तिनं तिथेच मागे टाकलं. सहावी आली. पण फलकावर जी वेळ लागली ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ होती. ताईंनी ती वाचली, आणि त्यांचे हात मांडीखालून बाहेर आले.

नूरा गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, मग सरळ झाली, आणि आमच्याकडे न बघता धावत ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या त्या ट्युनिशियाच्या बाईकडे गेली. दोघी टॅबलेटवर काहीतरी बघायला लागल्या. मी ताईंकडे बघितलं नाही. मला वाटलं, आपण बघू नये.

"बरोबर केलं तिनं," ताई म्हणाल्या. "आधी कोचकडंच जायचं असतं. मीच शिकवलंय ते." मग उठल्या. "डबे आले असतील, बघते."

त्या गेल्यावर थोड्या वेळानं नूरा जिने चढून वर आली, त्यांना शोधत. मी खाली बोट दाखवलं. मैदानाबाहेर बस उभी होती आणि ताई तिथे डब्यांच्या खोक्यांपाशी होत्या. नूरा पळतच खाली गेली. वरून मला दोघी दिसत होत्या, बोलणं ऐकू येत नव्हतं. ताईंनी तिच्या हातात डबा दिला, ती तो न उघडता तशीच उभी राहिली, आणि ताई किती तरी वेळ हातवारे करून तिला काही सांगत होत्या. बसमधली मुलं खोळंबली होती.

बस मार्गी लावून ताई माझ्या गाडीत बसल्या, तेव्हा परतीच्या वाटेवर मी विचारलं, "एवढं काय सांगत होतात तिला?"

"काही नाही. दम खाली बसू दे, मग जेव म्हटलं."

पुढे सिग्नलला आम्ही थांबलो. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

"ते वळण," त्या म्हणाल्या, "मला दोन वर्षांत तिला शिकवता आलं नव्हतं."

सिग्नल हिरवा झाला, मी गाडी पुढे काढली, आणि त्या अजून बाहेरच बघत होत्या.