उजव्या खांद्यावरचं जानवं

कळंबजवळच्या एका गावातल्या महादेवाच्या देवळाचा फार जुना फोटो मला एका परदेशी संग्रहालयाच्या वेबसाइटवर सापडला आणि मी तो गावच्या जीर्णोद्धार समितीला दाखवला. निवृत्त इतिहास-शिक्षकाला स्वस्थ बसवत नाही, एवढंच माझं समर्थन.

कॅमेरा आणि निगेटिव्हच्या काचा बैलगाडीतून वाहून आणणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाने तो काढलेला. देवळाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून दारात उघड्या अंगाचा गुरव उभा केलेला. डाव्या बाजूला दगडी दीपमाळ, जिचा आज एक दगडही जागेवर नाही.

अध्यक्षांनी फोटो दाराएवढा करून घेतला, त्याला हार घातला आणि दीपमाळ मूळ जागी पुन्हा उभारण्याचं जाहीर केलं. त्या जागी आताच्या गुरवाचं फुलं-नारळाचं पत्र्याचं दुकान होतं. घर त्यावरच चालायचं.

“आमचा बाप सांगायचा, दीपमाळ पलीकडं व्हती,” गुरव म्हणाला.

“तुझा बाप मोठा का फोटो मोठा रं? फोटो खोटं बोलत नाय,” अध्यक्ष म्हणाले.

दोन दिवसांत दुकान हलवायचं ठरलं. मीही मान डोलावली. आयुष्यभर पोरांना पुरावा महत्त्वाचा म्हणून शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर गुरव टोपल्या बांधत होता. “मास्तर, फोटोतल्या माझ्या पणज्याचं तोंड तरी नीट दाखवा,” म्हणाला. मी मोबाइलवर फोटो मोठा करून दिला. तो बघतच राहिला.

“ह्यो सराधाला उभा हाय काय?”

“का रे?”

“जानवं बघा की. उजव्या खांद्यावर! पितरांचं करताना घालतात तसं. देवाच्या दारात आमी असं उभं राहू?”

निगेटिव्हची काच उलटी ठेवून फोटो छापला की उजव्याचं डावं होतं, हे मी वाचलेलं होतं. पण देऊळ दोन्ही अंगांनी सारखंच. शंका यायला जागाच नव्हती. ती गुरवाला आली.

संध्याकाळी मी समितीसमोर मोबाइलवर फोटो आरशातल्यासारखा उलटवला. जानवं डाव्या खांद्यावर गेलं आणि दीपमाळ देवळाच्या उजव्या बाजूला, आज जिथे देणगीदारांचा संगमरवरी फलक आहे नेमकी तिथे येऊन उभी राहिली. फलकावर पहिलं नाव अध्यक्षांचं.

अध्यक्ष म्हणाले, “जुन्या फोटोवर किती विसंबायचं, ह्योबी प्रश्नच हाय, मास्तर.”

सगळ्यांना ते एकदम पटलं. दीपमाळेऐवजी हायमास्ट दिवा लावायचं ठरलं, तोही रस्त्याकडेला.

मी गुरवाला सांगायला गेलो. त्याने दोरी सोडून टोपल्या पुन्हा फळीवर मांडायला घेतल्या.

“बसा मास्तर, चा सांगतो. उद्या सोमवार, बेल काढायला जायचंय.”