दुकानात फिरवलेला मिक्सर

मुलांनो, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, तिकडे भारतात काही सुधारणार नाही." आज पंख्याची मोटर जळाली आणि त्या वासाने एक प्रसंग आठवला, म्हणून लगेच लिहिते आहे. आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी मसाले करून विकायला नवा मिक्सर घेतला होता. पहिल्याच वाटणाला त्यातून धूर निघाला, तेव्हा तो घेऊन आम्ही दोघी, जिथून घेतला होता त्या सातपूरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फक्त माझ्यापुढे खुर्ची सरकवली आणि हळूच म्हणाला, "मॅडम, ह्या लोकांना मशीन हँडल करता येत नाही." मी बसले नाही. "मोठ्याने बोला, त्यांनाही ऐकू द्या." बाईंनी पिशवीतून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा डबा काढला. "माझा हात वाईट हाय ना शेठ? मग तुमच्या हातानं फिरवा." गिऱ्हाइकं बघत होती, त्यामुळे त्याला बटण दाबावंच लागलं. दुकानभर जळका धूर झाला. "आता नवा द्या," बाई खोकत म्हणाल्या, "आन् तोबी इथंच फिरवा." मागून एक जण ओरडला, "शेठ, माझापण लावून दाखवा!" बाईंना चांगला मिक्सर मिळाला. सगळा देश सुधारला असं मी म्हणत नाही. पण त्या दुकानातून आजही कुणी वस्तू चालवून बघितल्याशिवाय घरी नेत नाही.