कळेपर्यंत

काल संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले, तर माझी धाकटी जाऊ वैशाली कणीक मळता मळता बीजगणित शिकत होती. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. त्यातले सर समीकरण सोडवत होते आणि ही करंगळीने त्यांना सारखी मागे नेत होती. लग्नामुळे तिची दहावी राहिली. यंदा ती बाहेरून परीक्षेला बसणार आहे.

"तेच तेच किती वेळा ऐकशील?" मी विचारलं.

"कळेपर्यंत," ती म्हणाली.

मला आमचा वर्ग आठवला. बाईंनी "समजलं का?" विचारलं की आम्ही सगळ्या मुकाट माना डोलवायचो. नाही म्हणायची भीती वाटायची. न समजलेलं तसंच घेऊन आम्ही मोठ्या झालो. मोबाइलने बायका बिघडतात म्हणणाऱ्यांनी हिला खुशाल येऊन बघावं. न घाबरता 'पुन्हा सांगा' म्हणता येणं, यालाच मी शिकणं म्हणेन.

बाहेरून सासऱ्यांनी विचारलं, "वैशाली, चहाचं काय झालं?"

"एवढं गणित सुटलं की ठेवते, बाबा."

थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. मी ओ दिली आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.