झटकलेला एप्रन

कपबशांच्या कारखान्यात तिला सगळे 'फवारा' म्हणत. झिलईच्या खोलीत तिचं काम. पिठाहून बारीक दळलेली गारगोटीची पूड पाण्यात कालवायची आणि त्यात कच्च्या बशा बुडवायच्या. ही पूड छातीत गेली की बाहेर यायचं नाव घेत नाही. म्हणून फवारा आधी जमीन भिजवी, मगच पुसून घेई. कोरडा झाडू त्या खोलीत येऊच देत नसे. तोंडावर मास्क, केसांवर टोपी. कोणी पोतं आपटलं तर म्हणे, "हळू. त्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

तिची लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली होती. तिनं एकदा काळ्या ट्रंकेवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"आई, कामावरून आलीस की बाळाला घेऊ नकोस."

दिवसभर फवाऱ्याची मांडी त्या बाळाची वाट बघत असे. वाईट वाटलंच, पण त्याहून मोठं कोडं पडलं. हातपाय धुऊन येते, चपला कारखान्यातल्या वेगळ्या. मग पूड घरात शिरते कुठून?

कारखान्यात शिकलेली एक युक्ती तिच्याकडे होती. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा तिरपा झोत सोडला की एरवी न दिसणारी धूळ चिलटांसारखी तरंगताना दिसते. संध्याकाळी लेक बाळाला घेऊन बाहेर गेल्यावर तिनं खिडक्या लावल्या.

"चोर शोधतेस का?" नवरा म्हणाला.

"चोरच. पांढरा आहे."

चपला आपटल्या, काही नाही. केस सोडले, काही नाही. नवऱ्यानं मात्र सवयीनं तिच्या पिशवीतला एप्रन काढला आणि बादलीत टाकण्याआधी फाडकन झटकला. झोत दुधासारखा भरून गेला.

फवाऱ्यानं झोत त्याच्याकडे वळवला.

"तुम्ही रोज असंच करता?"

"तूच तर सांगितलंस, झटकल्याशिवाय भिजवू नका म्हणून."

सांगितलं होतं खरं. एप्रन कारखान्यातच धुवायचे असा तिथला नियम. पण तिथून ते कळकट होऊन येत, आणि तिला आपला एप्रन सगळ्यांत पांढरा लागे. म्हणून ती तो गुपचूप घरी आणी. पोतं आपटू न देणारी बाई पाळण्याशेजारी रोज तेच करवून घेत होती.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला आधी आंघोळीला पाठवलं, मग ओल्या फडक्यानं सगळं घर पुसलं. दुसऱ्या दिवसापासून एप्रन कारखान्यातच राहू लागला. कळकट झाला. तिला रोज खुपे, पण ती कपडे बदलून, पिशवी रिकामी घेऊन घरी येई.

लेक ट्रंकेवर बोट फिरवून बघायची. बोट स्वच्छ राहू लागलं, तशी एका संध्याकाळी तिनंच टॉर्च घेतला आणि आईला दारात उभं केलं.

"गोल फिर."

फवारा फिरली. पदर हलवून दाखवला. झोतातून एक डास तेवढा गेला.

लेकीनं तिला खाली बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं.

"माझीही झडती घ्या की," मागून नवरा म्हणाला, "मी केव्हाचा रांगेत उभा आहे."