शर्यतीच्या गाडीचा कासरा

चहा घ्या आधी. मी काय करून बसले ते ऐकताना हसाल, आणि तोंडातला चहा माझ्या पातळावर उडेल. हसा खुशाल! मला मात्र अजून हसू येत नाही.

माझी नात सायली. दिवसभर द्रोणागिरीच्या गोदामात कामाला, आणि घरी आली की आतल्या खोलीत गाडी चालवते. हो, खोलीतच! लोखंडी सांगाडा, त्यावर खुर्ची, पायाखाली दाबायच्या पट्ट्या, हातात स्टेअरिंग आणि समोर भिंतीएवढा पडदा. गाडी जागची हलत नाही, पण पडद्यातला रस्ता असा धावतो की बघणाऱ्याला भोवळ यावी. शर्यतीची गाडी ती, जीटी म्हणतात तिला.

"आजी, हिचा सगला जोर मागच्या चाकांत हाय," सायली सांगायची. "पाय जरा जड पडला का शेपूट फिरवते."

"म्हंजे आमच्या चांद्या बैलासारखीच," मी म्हणायचे.

त्या रविवारी मोठी शर्यत होती. ज्याने त्याने आपापल्या घरी बसून चालवायची, पण देशभरची पोरं त्यात. पहिल्या तिघांना खऱ्या मैदानात खरी गाडी चालवायला मिळणार होती! सायलीने त्यासाठी वर्षभर झोप मोडली होती. आता एवढ्या शर्यतीला बसायचं तर पोटात काही नको? मी खाडीचा जिताडा मासा आणला, झणझणीत कालवण केलं आणि ताटात वाढतच गेले.

"आजी, बस झाला!"

"गप जेव. उपाशी हातांत ताकद नाय येत."

शर्यत सुरू झाली. सायली दुसरी! मी मागे खाटेवर बसून देवाला आळवतेय. अर्धी शर्यत झाली आणि पोरीचा चेहरा पिवळा पडला. तेल भरायच्या जागी तिने गाडी उभी केली, कानावरचा हेडफोन फेकला आणि पोट धरून पळाली. जाता जाता ओरडली, "आजी, कशालाच हात लावू नको!"

नाही लावला. शपथ! फक्त हेडफोन कुजबुजत होता, तो कानाला लावला. आत तन्मय. उलव्याचा पोरगा, सायलीचा मित्र. तो आपल्या घरून बघतो आणि तिला वाट सांगतो.

"सायली, तेल झालं! निघ! अगं निघ ना, नंबर जाईल!"

नंबर जाईल? माझ्या कालवणापायी?

बसले खुर्चीत. तुम्ही काय केलं असतंत? लग्नाआधी मी बापाच्या मिठागरातून मिठाने भरलेली बैलगाडी पनवेलच्या बाजारात आणायचे. मला कोण गाडी शिकवणार?

"तन्मय, मी आजी हाय. निघाले बघ."

"कोण? आज्जी? आज्जी, प्लीज, काही दाबू नका!"

"दाबला पन!"

गाडी तेल भरायच्या जागेच्या फाटकापर्यंत शहाण्यासारखी सावकाश गेली. मी खूश! तिथे ती आपोआपच सावकाश चालते, हे मला मागाहून कळलं. फाटकाबाहेर पडले, पाय तसाच दाबलेला, आणि मागची चाकं अशी सुटली म्हणता! रस्ता गेला, गवत आलं, पुन्हा रस्ता, आणि समोरून गाड्या माझ्याच अंगावर! स्टेअरिंग हातात जिवंत झालं, मनगटं पिळायला लागलं.

"ब्रेक, आज्जी! डावा पाय! डावा!"

डावा-उजवा कोणाला आठवतोय? बैल उधळला की जे करायचं, तेच माझ्या हातांनी केलं. पाय रोवले, अंग मागे टाकलं आणि "होऽऽ! होऽऽ!" करत कासरा छातीशी ओढला. पाय रोवले कुठे, तर पळवायच्याच पट्टीवर!

आणि स्टेअरिंग निघून हातात आलं! सायली पुसायला ते काढते, त्यासाठी मागे एक कडं असतं. ते नेमकं माझ्या बोटांत. मी स्टेअरिंग पोटाशी धरून खुर्चीत, आणि गाडी थेट पहिल्या नंबरच्या गाडीच्या बरगडीत!

सायली दारात उभी. पडद्यावर लाल अक्षरं. मला वाचता येत नाही, पण तिच्या तोंडावर सगळं दिसलं.

"आजी," ती म्हणाली, "तुला लागला नाय ना?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

दुसऱ्या दिवशी शर्यतवाल्यांचा फोन आला. मी तो हिसकावलाच.

"साहेब, पोरीचा दोष नाय. मी चालवत होते."

"आजी, तुम्हाला गाडी चालवायचा अनुभव आहे?"

"हाय ना. बैलगाडीचा."

साहेबाने ते लिहून घेतलं असावं. मग म्हणाला, "आजी, नियम तो नियम."

सायलीला बाद केलं. खरी गाडी चालवायला दुसरीच पोरं गेली. तिने त्या यंत्रावर चादर टाकली. ज्या घरघरीने माझे कान किटायचे, ती ऐकायला मी येता-जाता त्या दारात थांबायचे. खोली गप्पच.

शेवटी पुन्हा तोच साहेब फोनवर आला. पुढच्या शर्यतीत सायलीला घेतो म्हणाला, पण एका अटीवर.

चादर निघाली. आणि शर्यतीचा रविवार आला की मी पिशवी भरून विचुंब्याला बहिणीकडे जाते. सायली सोडायला येते, पाया पडते, आणि मी आत जाऊन बसले हे डोळ्यांनी बघूनच परतते.

माझी सासू महाखाष्ट. मला या घरातून काढायला तिने जन्मभर धडपड केली, पण तिला जमलं नाही. मी ते अर्ध्या फेरीत करून दाखवलं!