ट्राइकची पूजा

काकांनी ट्रेलरचं मागचं दार खाली सोडलं आणि आतून जो वास अंगावर आला, तो अजूनही मला जेवताना मध्येच आठवतो. मग घास तोंडात नुसता फिरत राहतो. आंबट, सडका, त्यात पेट्रोल मिसळलेलं. दार बंद होतं तेव्हा तो आत दाबून भरलेला असावा, तसा एकदम बाहेर पडला. काकूंनी ओढणी नाकाला लावली. मी जागची हलले नाही, कारण तो वास कशाचा आहे हे तिथे फक्त मला माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला या काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये राहत होते. नातं काही नाही, महाराष्ट्र मंडळातली ओळख. काका गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन चाकांच्या मोटरसायकलवर तोल सांभाळेना, म्हणून त्यांनी ट्राइक घेतली. पुढे एक चाक, मागे दोन. काकू तिला सरळ रिक्षा म्हणायच्या. "तुमच्या रिक्षाला कव्हर घाला, पाऊस येतोय," असं.

ट्राइक न्यायला काकांनी चारी बाजूंनी बंद असा ट्रेलर घेतला आणि दोन वर्षं खपून आतच राहायची सोय केली. प्रवासात ट्राइक मध्ये उभी, जमिनीतल्या कड्यांना पट्ट्यांनी आवळलेली. मुक्कामाला पोचलं की ती बाहेर काढायची आणि तिच्याच जागी भिंतीवरचा पलंग साखळ्यांवर खाली सोडायचा. एका कोपऱ्यात गॅसचा ओटा. त्याला लागून, पडद्याआड, टॉयलेट. मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हाच किळस आली होती. जिथे फोडणी द्यायची तिथून हातभर अंतरावर ते. मी "छान आहे काका" म्हटलं.

काकूंची एकच अट होती. एक रात्र झोपून बघेन. जमलं तर दोघं मिळून हिंडू, नाही जमलं तर ट्रेलर विकायचा. मला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी, माझ्या युनिव्हर्सिटीला, सोडायचं निमित्त होतं आणि वाटेत ओहायोत कॅम्पग्राउंडवर एक मुक्काम. काकांचं सगळं त्या एका रात्रीवर होतं. हे त्यांनी मला तीनदा तरी सांगितलं असेल.

निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी पूजा काढली. बाहेर पाऊस, म्हणून ट्रेलरच्या आतच. माझ्या वडिलांचा टेम्पो आहे हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे नारळ तूच फोड म्हणाल्या. आमच्या घरात नारळ वडीलच फोडायचे, मी कधी हात लावला नव्हता. पण नाही कसं म्हणायचं? काका-काकू पुढे ट्राइकच्या हँडलला हळदकुंकू लावत होते, मी मागे, खाली सोडलेल्या दाराचा जो रॅम्प होतो त्याच्या लोखंडी कडेवर नारळ आपटला. नासका निघाला. आतलं खोबरं करडं, बुळबुळीत, पाणी दुधासारखं पांढरं.

आमच्याकडे हे फार वाईट धरतात. एकदा टेम्पोचा नारळ असा निघाला तर वडिलांनी दोन दिवस भाडं घेतलं नव्हतं. हे काकूंना कळलं तर त्या निघणारच नाहीत असं मला वाटलं. मी पाणी पायाने पुसलं, दोन्ही वाट्या ओट्याखालच्या कपाटात सिलिंडरमागे सारल्या आणि म्हणाले, "चांगला निघाला." प्रसादाला पेढे होतेच. वाट्या नंतर टाकीन असं मनाशी म्हटलं. तेवढ्यात काकांनी दार लावून कुलूप घातलं.

त्याच संध्याकाळी काकांची पाठ धरली. निघणं बारा दिवस लांबलं. ऑगस्टच्या उन्हात ट्रेलर ड्राइव्हवेमध्ये तसाच उभा. किल्ली मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. मी विसरले असं लोकांना सांगते, पण विसरले नव्हते. रोज कामाला जाताना त्याच्याकडे न बघता जायचे.

तर ओहायोत पोचून दार उघडलं तेव्हाचा तो वास. काकांना वाटलं टॉयलेटचाच. "अगं, मी फक्त पाणी घालून टेस्ट केलं होतं, यूजच नाही केलं," ते काकूंना पुन्हा पुन्हा सांगत होते. पट्टे सोडून त्यांनी ट्राइक बाहेर काढली आणि दुखऱ्या पाठीने गुडघे टेकून टॉयलेट उचकटायला लागले. टाकी बाहेर आणली, नाक लावून हुंगली. स्वच्छ होती. तरी परत आत गेले आणि पाइप सोडवायला लागले. वास डोक्यात गेला असावा, कारण बाहेर येऊन झाडाशी ओकले. शेजारच्या कॅम्पमधली बाई आमच्याकडे बघून खुर्ची उचलून लांब गेली.

तेव्हा मी कपाट उघडलं. सिलिंडर बाजूला केला. वाट्यांचा नुसता चिकट लगदा झाला होता आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. काही सिलिंडरच्या तळाला चिकटून आल्या. मी ते हातानेच पिशवीत भरलं. माझ्या हातांची, आणि त्याहून माझी, मला इतकी शिसारी कधीच आली नव्हती.

मी सगळं सांगितलं.

"अगं वेडे," काकू म्हणाल्या, "आमच्याकडे नासका निघाला की देवाला पावला म्हणतात. मी पेढे दोनदा वाटले असते."

काकांच्या चेहऱ्यावर मात्र सुटका दिसली. म्हणजे नारळच होता ना, टॉयलेट नाही, डिझाइन नाही. माझ्यावर ते रागावलेच नाहीत. आम्ही दोघांनी ब्लीच टाकून जमीन तीनदा पुसली, दारं उघडी ठेवली, वारा जाऊ दिला. ऊन कलल्यावर त्यांनी पलंग खाली सोडला, चादर घातली, सुरकुती काढली आणि काकूंना हाक मारली.

काकू चढून आत गेल्या. पलंगाच्या कडेवर बसल्या, ओढणी नाकावरून काढली. पायाशी ट्राइकच्या तेलाचा डाग होता, उशीजवळ ओटा, पलीकडे पडदा. त्यांनी सावकाश श्वास घेतला.

"नारळाचा गेला," त्या म्हणाल्या. "आता हा जो येतोय ना, तो तुमच्या रिक्षाचा. तो नाही जायचा."

काका म्हणाले, विंडो उघडी ठेवू. काकू उठून खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, जवळ मोटेल कुठे आहे बघ. मी फोन काढला. बोटांना अजून वास येत होता, म्हणून फोन लांब धरून शोधत राहिले. आत काकांनी चादरीची घडी केली आणि पलंग वर उचलून एकेक साखळी अडकवायला लागले.